खिशाचा डाग

नव्या गाडीची किल्ली नुसती खिशात असली तरी गाडी उघडते. पण चोर म्हणे दाराबाहेर उभे राहून घरातल्या किल्लीचा सिग्नल पकडतात आणि गाडी घेऊन पसार होतात. "घरी आलात की किल्ली पत्र्याच्या डब्यात ठेवत जा," शोरूमवाल्याने बजावलं होतं. म्हणून मी आईकडे डबा मागितला.

"बाबांच्या कपाटात वरच्या खणात बघ," ती म्हणाली. "त्यांचं बरं होतं. रोज गाडी लावली की बॉनेट उघडून इंजिनातला रोटर काढायचे आणि शर्टाच्या खिशात टाकून घरी यायचे. म्हणायचे, याच्याशिवाय ती चालूच व्हायची नाही, आता ने म्हणावं कुणाला न्यायची ती! आणि खिशाचे काळे डाग घासत बसायचे मी."

मला हसू आलं. ती गाडी भंगारात दिली तो दिवस आठवला. भंगारवाल्याने जंग जंग पछाडलं, पण ती काही चालू होईना. शेवटी दोर बांधून ओढत नेली. "म्हातारीला जायचं नाहीये," बाबा एवढंच म्हणाले होते. मला ते तेव्हा खरं वाटलं होतं.

खणातला डबा काढून मी झाकण उघडलं. आत रुमालात नीट गुंडाळलेला रोटर होता.

मी डबा आईपुढे धरला. तिने माझ्या हातून डबा घेतला आणि झाकण घट्ट लावलं.

"किल्लीला दुसरा डबा शोध," ती म्हणाली. "त्या दिवशीचा डागही मीच धुतलाय."