तोंडातल्या टाचण्या

बायको वारली त्या सकाळी शिंप्यानं 'तुझी बहीण गेली' म्हणून मेहुण्याला फोन केला. मेहुणा म्हणाला, "माझी बहीण तुझ्याबरोबर पळाली, त्याच दिवशी गेली. आता कशाला कळवतोस?" आणि फोन ठेवला. शिंप्यानं ते वाक्य जपून ठेवलं.

त्यानंतर पाचव्या महिन्यात मेहुण्याची मुलगी दुकानात आली. तिला घरी न सांगता लग्न करायचं होतं. मैत्रिणींबरोबर सहलीला जाते म्हणून निघायचं, तिसऱ्या दिवशी डोंगरातल्या तळ्यावर थांबायचं, दहा मिनिटांत उरकायचं. पाहुणे नाहीत, जेवण नाही. पाठपिशवीत घडी घालून नेता येईल असा साधा झगा हवा होता, आणि साक्षीला आतोबा हवे होते.

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. शिंपी झटून कामाला लागला. दुपारी तळ्यावर वारा सुटतो, सकाळीच उरका, म्हणाला. न चुरगळणारं कापड त्यानंच आणलं. घेर उडू नये म्हणून काठात शिशाचे मणी घालायचं ठरवलं. दहा मिनिटं कशाला, आम्हाला सात पुरली होती, असंही म्हणाला. मुलगी हसली.

मशीन चालवताना तो मेहुण्याला करायचा फोन मनात घोळवत होता. सह्या झाल्या की तिथूनच लावायचा. 'तुझी मुलगी गेली' एवढंच म्हणायचं आणि ठेवून द्यायचा. कुठे गेली, कशी गेली, ते त्याचं त्यानं शोधत बसावं. निदान एक दिवस तरी.

शेवटच्या मापाला मुलगी झगा घालून स्टुलावर उभी राहिली. शिंपी खाली गुडघ्यांवर, तोंडात टाचण्या. टाचण्या तोंडात असल्या की तुम्ही शहाणे दिसता, असं बायको म्हणायची.

"आतोबा," मुलगी म्हणाली, "बाबांना फोन तुम्हीच कराल? माझी हिंमत नाही."

शिंप्यानं काठाची घडी पुन्हा दुमडली.

"आत्याचं कळल्यापासून फोन वाजला की दचकतात ते. पहिल्यांदा मी बरी आहे म्हणून सांगा. मग बाकीचं. सांगाल ना?"

शिंपी एकेक टाचणी तोंडातून काढून काठाला लावत गेला. मुलगी सावकाश गोल फिरली. काठ सगळीकडून सारखा आला होता. शेवटची टाचणी लागली, तोंड मोकळं झालं.

मुलगी स्टुलावरून उतरली नाही. ती त्याच्या उत्तराची वाट पाहत होती.