वगैरे

"अहो, मुलांना निबंध तपासून हवाय, तुमचं टक्कल नव्हे," बायको म्हणाली आणि तिने मोबाइलखालचा एक शब्दकोश काढून घेतला. आता पडद्यावर सरांची हनुवटीही आली. फार काही सुधारणा झाली असं नाही, पण चेहरा पूर्ण झाला.

कॉलेजचा नवा फतवा होता: लाल शाईचे शेरे बंद, निबंधाबद्दल व्हिडिओत बोलून पाठवायचं. मुलं सरांना मागून 'सिग्नल' म्हणत, कारण त्यांच्या हाताखालून गेलेला कागद लाल झाल्याशिवाय सुटत नसे. आता सिग्नलचा दिवाच काढून घेतला होता.

पहिला निबंध शेवटच्या बाकावरच्या मुलीचा. तो तिने आधी एकदा दिला होता आणि सरांनी त्यातल्या प्रत्येक 'वगैरे'भोवती गोल काढून परत केला होता. तिने तो जसाच्या तसा पुन्हा दिला, फक्त गोल तेवढे गाळले. आणि वर्गात येणं बंद केलं. मैत्रिणीकडून निरोप आला: लिहिणं काही माझ्याच्याने होत नाही, विषय सोडतेय.

बायको मागे मटार सोलत बसली. सरांनी घसा खाकरला आणि वाचायला लागले.

"'घरात आम्ही तिघं. आई शिवणकाम वगैरे करते. भाऊ शाळेत वगैरे जातो.' आता शाळेत जातो हे कळलं. वगैरेत कुठे जातो?"

मागून हसू आलं. सरांना चेव चढला. पुढचं वाक्य त्यांनी त्याच सुरात उचललं.

"'मी सातवीत असताना बाबा घर सोडून गेले वगैरे.'"

आणि गाडी अडली. या वाक्यातल्या 'वगैरे'लाही मागच्या वेळी त्यांनी गोल काढलेला होता. हात सराईत होता, शब्द दिसला की फिरायचा. जीभ मात्र जागच्या जागी थांबली. पातेल्यात दाणे पडत होते, मग तेही पडायचे थांबले.

"बाळ," बऱ्याच वेळाने सर म्हणाले. विद्यार्थ्यांना ते बाळ कधी म्हणत नसत. "हा शब्द तू झाकणासारखा वापरतेस. आत काय आहे ते लिहावंसं वाटलं तर लिही, मी वाचेन. नाही वाटलं तर राहू दे झाकलेलं. पण त्यापायी विषय सोडू नकोस."

"मधलं ते गप्प बसणं कापा," बायको म्हणाली. "तिला वाटेल नेट गेलं."

सर कापायला गेले आणि नवशिक्या बोटाने भलतंच बटण दाबलं. व्हिडिओ तसाच तिला गेला.

तो आठवडा सरांनी मोबाइल असा उराशी बाळगला, जणू पोरीच्या स्थळाकडून निरोप यायचा होता. मग एका दुपारी निबंध आला. सरांनी तो मोठ्याने वाचला.

"'आई शिवणकाम करते. भाऊ शाळेत जातो. बाबा गेले त्या दिवशी त्यांच्या चपला दारातच होत्या. ते बूट घालून गेले होते. आई म्हणाली, लांबच्या कामाला गेले असतील, येतील. अजूनही केर काढताना ती त्या चपला उचलते आणि पुन्हा तिथेच ठेवते.'"

फतवा काढणाऱ्या प्राचार्यांना सरांनी मनातल्या मनात माफ करून टाकलं.

निबंधाखाली आणखी थोडं होतं: 'सर, तुम्ही गप्प झालात तेव्हा वाटलं नेट गेलं. पण मागे काकूंच्या हातातली शेंग थरथरत होती. म्हणजे नेट होतं. तुम्हीच थांबला होतात. उद्यापासून वर्गात येते. आभार वगैरे.'

सवयीने सरांचं बोट त्या शेवटच्या शब्दाभोवती गोल फिरलं. काचेवर काहीच उमटलं नाही.

"आता याला काय शेरा?" बायकोने विचारलं.

"राहू दे," सर म्हणाले. "हा वगैरे भरलेला आहे."