तंगाचं शेवटचं भोक

धुकं इतकं दाट होतं की उस्मानला अंगणातल्या घोडीच्या आधी तिच्या नाकपुड्यांतली वाफ दिसली.

त्यानं नगिनाच्या पाठीवर घोंगडी टाकली, वर खोगीर ठेवलं आणि पोटाखालून तंगाचा पट्टा ओढून घेतला. थंडीनं चामडं ताठरलं होतं, बोटं तर आपली नव्हतीच. बक्कल कसंबसं दुसऱ्या भोकात बसलं. नगिनानं छातीभर श्वास घेतला आणि पोट फुगवून साळसूदपणे उभी राहिली. मोठी बनेल घोडी. थंडीत तर हमखास फसवणार. तंग आवळलासा वाटतो, पण दहा पावलं चालून तिनं श्वास सोडला की पट्टा ढिला पडतो. म्हणून उस्मानच्या बापापासूनची रीत होती, तंग दोनदा ओढायचा. एकदा खुंट्यापाशी आणि एकदा चालवून आणल्यावर.

मागच्या डिसेंबरात तो एकदाच ओढला गेला होता.

त्या दिवशीही असंच धुकं होतं. मंगरुळपीरला वरात होती, आणि उजैर घोडीवर बसून घाई करत होता, "अब्बा, चला न, उशीर होऊन राह्यला." उस्मानचे हात गारठले होते. जाऊ दे, म्हणाला तो. शेलूबाजारच्या पुढं, हायवेवर, एकवीस वर्षांचा पोरगा ट्रकखाली गेला. गावानं धुक्याला बोल लावला, पोलिसांनी ट्रकवाल्याला. घोडं कुठं पेंड खातं ते एकट्या उस्मानला ठाऊक होतं. कारण नगिना एकटीच घरी आली तेव्हा खोगीर तिच्या पोटाखाली लोंबत होतं, आणि कुणी पाहायच्या आत ते त्यानंच सोडवून ठेवलं होतं.

वर्षभरात नगिनावर कुणी बसलं नव्हतं. आजही बसलं नसतं. पण आजचा नवरदेव, पदमचंद शेठचा नातू सन्मती, हा उजैरच्या वर्गातला. बसेन तर उजैरच्याच घोडीवर, असं तो अडून बसला होता. दोनदा नाही म्हणून झालं, तिसऱ्यांदा उस्मानची जीभ रेटेना. आता नऊ वाजता देवळापासून वरात निघणार होती आणि दुसऱ्याचा पोरगा त्याच खोगिरावर चढणार होता.

तो झूल आणि कलगी आणायला आत गेला. पेटीत झुलीच्या घडीत उजैरचा मफलर निघाला. तो त्यानं बाजूला ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. असा बराच वेळ गेला.

बाहेर आला तर नगिना खुंट्यापाशी नव्हती. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, फाटकाकडं तोंड करून उभी होती. तिचे कान टवकारलेले होते, धुक्यात समोर कुणी असावं तसे.

उस्मान जवळ गेला. सवयीनं त्याचा हात तंगाकडं वळला आणि तिथंच थांबला. बक्कल चौथ्या भोकात होतं. शेवटच्या.

त्यानं बोटांनी चाचपून पाहिलं, पुन्हा मोजलं. आपण दुसऱ्या भोकात लावलं होतं यात तीळभर शंका नव्हती. त्याला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर भीतीच्या पाठोपाठ आनंद झाला. म्हणजे पोरगा रागावलेला नाही. आला, आणि बापाकडून राहिलेलं काम करून गेला.

"उजैर?" तो हळूच म्हणाला. "बेटा, तूच ना रे?"

"मी हावो," आवाज आला.

अमीनाबी, त्याची बायको, फाटकाच्या खांबाला टेकून उभी होती. अंगावर शाल, पायात चप्पल नाही. तिनं उजवा हात डाव्या हातात धरला होता. उस्माननं तो उघडून पाहिला. तळव्यावर आडवा, लालभडक, पट्ट्याचा वळ होता. अमीनाबीनं उभ्या जन्मात घोडीला हात लावला नव्हता. तिला जनावराची भीती वाटायची.

"तू काहून आली इथं? मी ओढणारच होतो न."

"त्या दिवशी बी मले तसंच वाटलं होतं."

उस्मानच्या हातातली कलगी खाली पडली. ती उचलायचं दोघांनाही सुचलं नाही.

"मी चुलीपासून पाहून राह्यली होती," अमीनाबी म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता, तिनं हे मनात फार वेळा म्हणून पाहिलं असावं. "तुमी एकडावच ओढला. मले वाटलं, आवाज द्यावा. मंग वाटलं, पोराच्या समोर तुमाले काय सांगू? फाटकापाशी ओढसान." ती थांबली. "चुलीवर दूध होतं. तेवढं उतरवलं मी, अन् पाहिलं तर पोरगा निघून गेलता."

वर्षभर एका छपराखाली राहून तो जे तिच्यापासून लपवत होता, ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि तिचं त्याला माहीत नव्हतं. त्याला तिचा राग आला नाही. फक्त फार थंडी वाजली.

खिशातला फोन वाजू लागला. देवळाकडून असणार. तो वाजून वाजून बंद झाला.

उस्माननं झूल चढवली, लगाम हातात घेतला आणि घोडी फाटकापर्यंत आणली. तिथं ती आपसूक थांबली. तो वाकला. अमीनाबीही त्याच्याबरोबर वाकली, आणि तिचा हात त्याच्या हातावर, पट्ट्यावर आला. दोघांनी मिळून ओढून पाहिलं.

पट्ट्याला आता भोकच उरलं नव्हतं. तरी दोघं ओढत राहिले.