शेवाळाचे रविवार

"डॉक्टर, मी हरलो," सर म्हणाले आणि त्यांनी हातातला टूथब्रश बादलीच्या काठावर ठेवून दिला. ब्रशला हिरव्या शेवाळाची बट गुंडाळलेली होती, एखाद्या पोरीच्या वेणीइतकी जाड.

डॉक्टरीणबाईंचे दोन्ही हात कोपरापर्यंत माशांच्या टाकीत होते. त्या दातांच्या डॉक्टर. उभा जन्म लोकांच्या दाढांवरचं कीटण खरवडण्यात गेलेला, त्यामुळे दगडांवरचं शेवाळ खरवडायला त्यांना कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही. दवाखान्यातला दांडीचा छोटा आरसासुद्धा त्यांनी घरी आणला होता. दगडामागे तो सरकवून त्या म्हणायच्या, "हं, आ करा." सरांना हसू यायचं. दर वेळी यायचं.

टाकी मुलाची. तो नोकरीसाठी परदेशी गेला आणि जाताना दोन नारिंगी मासे, थोडं प्रवाळ, दगड आणि काचेत कोंडलेलं खारं पाणी आईच्या गळ्यात मारून गेला. महिन्याभरात सगळ्यावर हिरवे केस उगवले. तेव्हापासून वरच्या मजल्यावरचे सर दर रविवारी सकाळी खाली यायचे. भूगोल शिकवून निवृत्त झालेले, एकटेच राहणारे, कडक इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दारातच दुमडणारे. "आमच्या टाकीत अगदी हेच झालं होतं," हे त्यांचं पालुपद. आमच्या टाकीत आम्ही नळाचं पाणी घालणं बंद केलं. आमच्या टाकीत खाणं चिमटीवर आणलं, दिवा आठ तासांवर. आमच्या टाकीत गोगलगायी सोडल्या, त्यांनी काच कशी चाटूनपुसून लख्ख केली.

उपाय लागू पडले. एका रविवारी तर दगड इतके स्वच्छ निघाले की करायला कामच उरलं नाही. सर उभ्या उभ्या चहा प्याले, "आता माझी काही गरज नाही," म्हणाले आणि गेले. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी वर्तमानपत्र दोनदा वाचलं. जाहिरातींसकट.

पुढच्या रविवारी शेवाळ परत हजर. मग ते वाढतच गेलं. आज तर पंपाच्या झोतात ते शेतातल्या पिकासारखं डुलत होतं.

"दिवा आठच तास ना?" सरांनी विचारलं.

"हो तर."

"आणि खाणं?"

"चिमूटभर," म्हणत डॉक्टरीणबाई पाण्यात आणखी वाकल्या.

"मग माझं डोकं चालत नाही बुवा. दुकानातल्या माणसाला सांगतो, पुढच्या रविवारपासून तो येईल. त्याचं हे रोजचंच काम आहे."

डॉक्टरीणबाई घासलेलाच दगड पुन्हा घासू लागल्या. नको म्हणावं तर कारण काय सांगावं? तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुलाचा होता. हात ओले, म्हणून सरांनीच तो उचलून स्पीकरवर टाकला.

"आई!" मुलाचा आवाज खोलीभर घुमला. "टाकीचा दिवा माझ्या फोनवर दिसतो, तुला माहीत नाही का? रोज उजाडल्यापासून झोपेपर्यंत तो कोण चालू ठेवतं? आणि माझ्या खात्यातून माशांच्या खाण्याचा तिसरा डबा मागवलास? अगं, दोन मासे आहेत ते, लग्नाची पंगत नाही!"

"ठेव फोन!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. शेवटी सरांनीच तो बंद केला.

"रोज दोनदा ब्रश करतो," म्हणणाऱ्या पेशंटचं खोटं तोंड उघडायच्या आत ओळखणाऱ्या डॉक्टरीणबाई आता स्वतःच रंगेहाथ सापडल्या होत्या.

"हो, मीच वाढवलं," त्या टाकीकडे बघत म्हणाल्या. "शेवाळ गेलं की तुमचं येणं थांबतं. मग माणसानं करायचं तरी काय?"

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्या हिरव्या पिकाकडे. आणि त्यांना हसू फुटलं. साधंसुधं नाही, पोट धरून. त्या नादात त्यांचा पाय लागून बादली लवंडली. डॉक्टरीणबाई फडकं घेऊन धावल्या, घसरल्या, सरांच्या बाहीला लटकल्या, आणि दोघंही खाऱ्या पाण्यात फतकल मारून बसले. उठायचा प्रयत्न केला की परत हसू. मासे काचेला तोंड लावून बघत होते.

"माझं बिंग तर फुटलं," डॉक्टरीणबाई डोळे पुसत कशाबशा उठल्या. "आता चला, तुमची टाकी दाखवा. स्वच्छ टाकी कशी दिसते ते एकदा बघू तरी द्या."

सरांचं हसू जागच्या जागी थिजलं. "आज? आज पसारा आहे हो."

"आणि इथे काय आहे मग?"

"मासे बुजतात नव्या माणसाला..."

पण त्या केव्हाच जिना चढू लागल्या होत्या, दुखरा गुडघा विसरून, ओली पावलं उमटवत. मागून सर "अहो डॉक्टर, ऐका तर!" करत येत होते.

दार उघडलं. एक खुर्ची. पृथ्वीचा गोल. इस्त्रीचं टेबल. जेवणाच्या टेबलावर माशांवरच्या पुस्तकांची चळत, प्रत्येकात कागदाच्या खुणा. टाकी मात्र नव्हती. डॉक्टरीणबाईंनी स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. आतल्या खोलीत पाहिलं. एखादा मासा मावेल अशी साधी बरणीसुद्धा घरात नव्हती.

"सर, टाकी कुठे आहे?"

सर आपल्याच उंबऱ्यावर पाहुण्यासारखे उभे होते. पँटचं पाणी टपटप गळत होतं.

"टाकी नाहीच," ते म्हणाले. "कधीच नव्हती. त्या दिवशी लिफ्टमध्ये तुम्ही म्हणालात, शेवाळानं जीव नकोसा केलाय, आणि तुमचा मजला यायच्या आत मला काहीतरी बोलायचं होतं."