भिंतीअलीकडची ओवी

"हात लाव गं. एकटीनं ओढवत नाही," राधाबाई म्हणाल्या.

भानुमती उठली आणि थोरल्या जावेसमोर, जात्याच्या दुसऱ्या अंगाला बसली. परसाच्या भिंतीपलीकडे राइट टाउन वस्तीचं मैदान होतं, आणि मैदानावर आज कारखान्याच्या गोऱ्या साहेबांशी क्रिकेटचा सामना होता. श्रावणात तिचा लेक अच्युत मुदतीच्या तापानं गेला, त्यानंतरचा हा पहिलाच.

एरवी दळण पहाटेचं. सामन्याच्या दिवशी मात्र भानुमती ते दुपारपर्यंत राखून ठेवायची. भिंतीवरून मैदान दिसत नसे, पण ऐकू सगळं यायचं. जो चांगला खेळे त्याच्या नावाची ओवी जात्यावर निघे, आणि भिंतीच्या सावलीत बसलेली हिंदी-मराठी पोरं ती पाठ करून टाकत. साहेब लोक चांदीचा पेला द्यायचे. पोरांना ओवी हवी असायची. सगळ्यांत जास्त ओव्या अर्थातच अच्युतच्या. मायलेकाचा पक्षपात म्हणून पोरं त्याला चिडवायची.

श्रावणापासून जातं मुकंच फिरत होतं. ओवी ओठांशी येई. पण आता ती कुणाच्या नावाची? लेकाच्या जागी दुसऱ्याचं नाव बसवायचं, तर तोंडच उघडत नव्हतं.

पलीकडे बॅटीचा भरीव आवाज झाला. चेंडू सरपटत आला आणि धाडकन भिंतीवर आदळला. पोरं ओरडली, "वाह भैया, वाह!"

भानुमतीचा हात थांबला नाही. पण कंठ कधी फुटला ते तिचं तिला कळलं नाही.

*साहेबाचा चेंडू आला, लाल जणू गुंज बाई,*
*अच्युता रे माझ्या बाळा, कुणा हाती आला नाही.*

राधाबाईंनी मान वर केली, आणि जात्यात मूठभर डाळ टाकली. भिंतीपलीकडचा कालवा एकदम बसला.

साहेबांची चहाची सुट्टी झाली तसं परसाचं दार वाजलं. पायाला पॅड बांधलेला शालिग्राम दारात उभा होता. अच्युतचा जोडीदार. दोघं मिळून याच दारानं पाणी प्यायला यायचे. एकट्यानं यायचा धीर त्याला आज पहिल्यांदा झाला होता.

"काकू, पाणी."

भानुमतीनं तांब्या दिला. तो घटाघट प्याला, आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "मघाचा चौका मी मारला होता, काकू."

"अगबाई! भांडायला आला का रे?" राधाबाई म्हणाल्या.

"भांडत नाही, मोठ्या काकू. पण पोरं म्हणून राहिली, ओवीत नाव अच्युतचं आलं. सगळे चूप बसले. आता मी तिकडं जाऊन काय सांगू?"

"तूच मारला," भानुमती म्हणाली. "मला काय कळत नाही? चेंडू मधोमध बसला होता. अच्युतचा मार जरा खाली लागायचा, बोदा आवाज यायचा."

"मग?"

"मग काय? तुला मैदान दिसतं. त्याला आता दिसत नाही, त्याला कोण सांगणार?"

शालिग्रामनं तांब्यातलं उरलेलं पाणी तोंडावर मारलं, आणि बराच वेळ तोंड पुसत राहिला.

"जा. नीट खेळ," ती म्हणाली. "मला सांगायला काही तर लागेल ना."

तो गेला. पलीकडे सगळं शांत झालं. गोऱ्या साहेबाची दौड ऐकू आली, बूट जमिनीवर आपटत जवळ जवळ येणारी. मग लाकडं पडल्याचा कोरडा आवाज. आणि साहेब लोकांच्या टाळ्या.

परसाचं दार पुन्हा वाजलं. शालिग्राम आत येऊन उंबऱ्यावर बसला. बॅट मांडीवर आडवी.

"काकू, हे नका सांगू त्याला."

"काहून?"

"हसेल तो."

"हसू दे की."

"तुम्ही चूप बसल्या तर काय बिघडते? सुट्टीनंतर पहिल्याच चेंडूला गेलो!"

"जात्यावर बसून चोरून ठेवता येत नाही रे," भानुमती म्हणाली. "पाय पुढं टाकला होता?"

शालिग्राम पॅडचा बंद उलगडत बसला. भानुमतीनं जात्यात डाळ घातली आणि राधाबाईंकडे पाहिलं. दोघींनी ओढायला सुरुवात केली.

*पाणी पिऊन गेला गडी, पाय पुढं टाकेना,*
*अच्युता, तुझ्या शालिग्रामाची दांडी उभी राहीना.*

राधाबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. तरी हसू फुटलंच. भिंतीपलीकडे पोरांचा हशा उसळला, आणि कुणीतरी ओरडलं, "भैया, पूरी पारी ओवी में आ गई!"

हसता हसता भानुमतीच्या डोळ्यांना पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही. हात पिठाचे होते.

"पण हे अर्धंच आहे, काकू," शालिग्राम कानापर्यंत लाल झाला होता. "चेंडू वळला. हातभर वळला."

"काही नाही वळला. सरळ होता. मी ऐकला ना."

"वळलेला चेंडू काय ऐकू येते?"

"मग असा लांबून काहून सांगतो? इकडं ये. ओढ, आणि ओढता ओढता सांग कसा वळला ते. नीट सांग. तो शंभर सवाल विचारेल."

"बाई बाई, पुरुष माणूस जात्यावर!" राधाबाई म्हणाल्या. पण म्हणता म्हणता त्या उठल्याही होत्या.

शालिग्राम पॅडचे पाय फाकवून, अवघडून खाली बसला. भानुमतीनं खुंट्यावरचा आपला हात जरा वर सरकवला. खाली एका हाताची जागा झाली.