रिकाम्या जाळ्याची नोंद

झुडपांवरून जाळं वीसदा फिरवायचं आणि आत किती हिरवे भुंगे सापडले ते वहीत टिपायचं, हा नवराबायकोचा दर रविवारचा नेम. जाळं त्याचं, वही तिची. जाळं पहिल्यांदा रिकामं निघालं तेव्हा तिनं तारखेपुढे शून्य लिहिलं. "रिकाम्या जाळ्याची कसली डोंबलाची नोंद?" असं खेकसून त्यानं त्यावर लाल रेघ ओढली. तिनं पुन्हा कधी शून्य लिहिलं नाही. आता ती नाही आणि भुंगेही नाहीत. शेजारच्या मळ्यात फवारणी सुरू झाल्यावरच ते संपले, हे लेकीला सिद्ध करायचं होतं. "बाबा, त्या महिन्यापासून वही कोरीच. भुंगे नव्हते, की तुम्ही गेलाच नव्हतात?" "गेलो होतो गं, दर रविवारी." "मग लिहिलं का नाही?" त्यानं मागची पानं उलटली आणि लाल रेघेवर बोट ठेवलं. "तुझी आई लिहीत होती."