खिडकीकडचा गाल

लेकीच्या नव्या त्वचेच्या दवाखान्यात पहिला मान आपलाच, म्हणून आई ड्युटीचा गणवेश घालूनच ऐटीत खुर्चीवर आडवी झाली. जन्मभर बस चालवून तिचा खिडकीकडचा गाल रापून काळा पडला होता.

"ते फळांचं अ‍ॅसिड का काय असतं ना, ते लाव. दोन्ही गाल एकसारखे होऊ देत."

लेकीने गाल नीट निरखला. "लावल्यावर काही दिवस ऊन अजिबात चालणार नाही. रजा टाकलीस?"

"रजा कसली? दुपारची फेरी आहे माझी."

"मग नाही लावणार. ऊन लागलं तर डाग आणखी गडद होतील."

"अगं, आई आहे मी तुझी!"

"इथे पेशंट आहेस. ऊठ. रजा मिळाली की ये."

आई तणतणत बाहेर आली. बाकावरच्या बायकांनी विचारलं, "इतक्यात झालंसुद्धा?"

"झालं कसलं? हाकललं मला! तुम्ही बिनधास्त जा आत." आणि कॉलर ताठ करत म्हणाली, "स्टॉप सोडून मीही कधी हिच्या बापासाठी बस थांबवली नाही. माझीच लेक ती!"